अर्ज न केलेल्या मुलांची कैफियत

बुद्धिमान विद्यार्थी कसे निवडावेत, या प्रश्नावर हल्ली जे मत सर्वांत अधिक निःशंकपणे मांडले जाते, त्याचा आशय असा की, हा प्रश्न आता मुळी शिल्लकच राहिलेला नाही: परीक्षा एक, प्रश्नपत्रिका एक, वेळ एक आणि उत्तरे तपासणारे यंत्रही एक; मग निवडीत पक्षपात शिरावा तो कोणत्या वाटेने? हे मत बाळगणाऱ्यांत मला आदरणीय वाटणारे मुख्याध्यापक आहेत, शिक्षणखात्यात हयात घालवलेले अधिकारी आहेत, आणि शिष्यवृत्तीच्या आधाराने वर आलेले व त्या ऋणाची जाणीव ठेवणारे कित्येक सज्जनही आहेत. वशिला, शिफारस आणि देणगी यांनी आपला सार्वजनिक व्यवहार इतका पोखरला आहे की, शेतमजुराचा मुलगा आणि तहसीलदाराचा मुलगा शेजारी-शेजारी बसून एकच प्रश्न सोडवतात असे परीक्षेचे दालन हे एकच ठिकाण उरले आहे, ही त्यांची भावना मला परकी नाही. तरीही हे मत चुकीचे आहे, असे मला म्हणावयाचे आहे. आणि त्या चुकीचा भुर्दंड दरसाल ज्या मुलांवर पडतो, ती मुले तक्रार घेऊन कोणत्याही दफ्तरात येत नसल्यामुळे त्यांची बाजू दुसऱ्या कोणी तरी मांडणे प्राप्त आहे.

वाद नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात शिष्यवृत्त्यांचा विषय आलेला आहे. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः समन्यायी आहे, हे जोतीरावांनी नाकारले नाही. परंतु ज्या वर्गांत विद्येचा शिरकावच झालेला नाही, त्यांच्यामध्ये विद्येचा प्रसार या पद्धतीने होत नाही, असे त्यांनी सरकारला स्पष्टपणे कळवले. तत्त्वतः निर्दोष असलेली पद्धत व्यवहारात निष्फळ का ठरते, हा प्रश्न त्या निवेदनाने ज्या जागी आणून ठेवला, त्याच जागी तो आज एकशे चाळीस वर्षांनंतरही उभा आहे. आजच्या परीक्षांचे समर्थक त्यातील पूर्वार्ध तेवढा उच्चारतात आणि उत्तरार्धाला हात न लावता पुढे जातात.

आपल्याकडे ही निवड प्रत्यक्षात कशी होते, ते पाहावे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथी-सातवीतून पाचवी-आठवीत आली. तिच्यात प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर: पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ज्यांना रूप दिले, त्या जवाहर नवोदय विद्यालयांची निवडचाचणी पाचवीतल्या मुलांसाठी असते: दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण, आणि त्यांतले निम्मे गुण मानसिक क्षमतेला. एका विद्यालयात साधारणतः ८० जागा. त्यांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना आणि एकतृतीयांश मुलींना. या योजनेतील पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीत निघाले, याचा महाराष्ट्राने अभिमान धरावा. या व्यवस्थांविषयी माझ्या मनात वैरभाव नाही. त्या मोडून टाकाव्यात असे म्हणणाऱ्यांशीही माझा मतभेद आहे, आणि त्याकडे मी पुढे वळणार आहे.

परंतु या दोन्ही परीक्षांच्या दारावर एक उंबरठा आहे, आणि समतेचे समर्थक त्याच्याकडे पाहत नाहीत. तो उंबरठा म्हणजे अर्ज. परीक्षेला बसणाऱ्या मुलाचा अर्ज कोणी तरी मुदतीत भरावा लागतो. त्यासाठी हे मूल अर्ज भरण्याजोगे आहे असे आधी कोणाला तरी वाटावे लागते; त्या कोणाला तरी परीक्षा केव्हा आहे हे ठाऊक असावे लागते; आणि त्या सुमारास मूल गावात असावे लागते. निवडीची पहिली चाळणी येथेच लागते. ती कोणत्याही यंत्राने तपासली जात नाही, तिचे गुण जाहीर होत नाहीत, आणि तिच्यात जे गळले त्यांची यादी कोठेही लागत नाही.

गणित शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यांतली कित्येक वर्षे मी पाचवीच्या वर्गावर होतो, आणि माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले असत. ज्यांना हा व्यवहार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात, नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात, आणि घेतलेली उचल टनामागच्या मजुरीतून फेडली की मार्च-एप्रिलमध्ये ती परततात. नवोदयची चाचणी आपल्याकडे बहुधा जानेवारीत होते आणि शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा फेब्रुवारीत. म्हणजे ज्या महिन्यांत राज्यातली हुशार मुले शोधली जातात, नेमक्या त्याच महिन्यांत हजारो मुले उसाच्या फडावर, पाचटाच्या खोपीत, धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले मागे राहू शकतात, हे खरे. पण सगळी राहत नाहीत. प्रश्नपत्रिका सर्वांना एक होती, हे विधान या मुलांच्या बाबतीत खरे आहे की खोटे आहे, हे ठरवण्याचाही प्रसंग येत नाही, कारण परीक्षेच्या हजेरीपटावर त्यांचे नाव ‘गैरहजर’ म्हणूनही नसते.

अशाच एका मुलीची हकीकत सांगतो. ती एप्रिलच्या मध्यास फडावरून परतली आणि वर्षाचे शेवटचे काही दिवस वर्गात येऊन बसली. भागाकाराची उजळणी चालू होती आणि तिला भागाकाराची रीत येत नव्हती. फळ्यावर बोलावले तेव्हा ती गप्प उभी राहिली. मधल्या सुट्टीत मी तिला सहज विचारले की, बापाने यंदा उचल किती घेतली आणि ती फिटली का. तिने एका दमात सांगितले की, उचल अमुक, टनाचा दर अमुक, तेव्हा इतके टन तोडल्यावर ती फिटायला हवी होती, आणि मुकादमाच्या हिशेबात सोळा टन कमी धरलेले आहेत. हे तू कसे काढलेस, असे विचारल्यावर तिने जे सांगितले ते मी आजवर विसरलो नाही. एका टनाचे पैसे घ्यायचे, त्यांची दुप्पट करायची, त्याची पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट. उचलीच्या आकड्याच्या अलीकडे जेथे थांबावे लागेल तेथे थांबायचे आणि उरलेल्या रकमेत मागच्या दुपटींपैकी कोणती मावते ते पाहत यायचे. प्राचीन इजिप्तचे लेखनिक याच रीतीने भागाकार करीत. ती रीत त्या मुलीला कोणी शिकवली नव्हती. आईबापाच्या कर्जाने तिच्याकडून ती शोधून घेतली होती. त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीच्या यादीत तिचे नाव असण्याचा संभवच नव्हता, कारण अर्ज भरण्याच्या वेळी ती गावात नव्हती, आणि तिचा अर्ज भरावा असे आम्हा शिक्षकांपैकी एकाच्याही मनात आले नव्हते. त्या शिक्षकांत मीही होतो.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. समजा, प्रत्येक मुलाचा अर्ज भरला गेला, प्रत्येक मूल केंद्रावर हजर झाले. तरीही एका प्रश्नपत्रिकेने सर्वांची एकच गोष्ट मोजली जाते, हे गृहीत मला मान्य नाही. बुद्धिमत्ता चाचणीचे सामर्थ्य तिच्या अपरिचिततेत असते. जी मांडणी मुलाने पूर्वी पाहिली नाही तिच्यातला नियम तो कसा हुडकतो, हे पाहण्यासाठी ती चाचणी असते. परंतु गटात न बसणारे पद, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, रांगेतले स्थान, दिनदर्शिकेवरचे वार हे सर्व प्रकार आज तालुक्याच्या कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत शेकडोंनी सोडवून दाखवलेले असतात, आणि शाळेच्या ज्यादा तासांत व खासगी वर्गांत मुलांकडून ते वर्षभर घोटवून घेतले जातात. ज्याने आरशातली प्रतिमा तीनशे वेळा काढली आहे त्याच्यापुरता तो प्रश्न पाढ्याच्या जातीचा झाला. आणि जो ती पहिल्यांदाच पाहत आहे त्याच्यापुरता तो अजूनही बुद्धीचा प्रश्न आहे. म्हणजे एकाच ओळीवर एकाची स्मृती मोजली जाते आणि दुसऱ्याची प्रज्ञा, आणि दोहोंचे गुण एकाच स्तंभात लिहून आपण त्यांची प्रतवारी लावतो. सरावाला मी दोष देत नाही, कारण मेहनत करणाऱ्या मुलाचे यश त्याचे स्वतःचेच आहे. माझा आक्षेप, सरावाच्या फळाला जन्मजात बुद्धीचे नाव देऊन सराव न मिळालेल्या मुलाला निर्बुद्ध ठरवणाऱ्या अनुमानावर आहे.

या शास्त्राचा उगम ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अनुमान अधिकच विपरीत वाटेल. आल्फ्रेड बिने याने १९०५ साली सीमॉनच्या साहाय्याने पॅरिसमध्ये जी पहिली चाचणी रचली, तिचा हेतू उत्तमांना वेगळे काढण्याचा नव्हताच. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणाला जास्त मदत हवी, हे कळावे म्हणून ती रचली होती, आणि बुद्धी ही न वाढणारी ठरीव मात्रा आहे हे मत त्याने पुढे कठोर शब्दांत धिक्कारले. ती चाचणी आपल्याकडे आणताना डॉ. वि. वि. कामत यांनी नुसते भाषांतर करून समाधान मानले नाही. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर ती पडताळून त्यांनी तिची नवी प्रमाणे बसवली. परक्या मुलांच्या मापाने आपली मुले मोजता येत नाहीत, ही जाण त्या परिश्रमांच्या मुळाशी होती. मग पावरी, कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी घरात बोलून शाळेत प्रमाण मराठी ऐकणाऱ्या मुलाला पुण्याच्या मुलाच्या मापाने मोजताना ती जाण आपण कोठे ठेवतो?

येथे समर्थकांचा एक युक्तिवाद हमखास पुढे येतो की, खरी प्रतिभा दडून राहत नाही. ती कोणत्याही परिस्थितीत वर येते, आणि जी वर आली नाही ती नव्हतीच असे समजावे. हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, हेच त्याचे वैगुण्य आहे. बुडालेल्यांची गणना न करता तरलेल्यांच्या संख्येवरून नदी उथळ आहे असे म्हणण्यासारखे ते आहे. स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन याने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली पंधराशेहून अधिक कुशाग्र मुले निवडून त्यांचा जन्मभर मागोवा घेतला. त्या निवडीतही पहिली चाळणी शिक्षकांच्या शिफारशीचीच होती आणि चाचणी त्यानंतरची. विल्यम शॉकली आणि लुईस आल्व्हारेझ ही दोन मुले त्या चाचणीत कमी पडली म्हणून वगळली गेली; पुढे १९५६ आणि १९६८ साली त्या दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि निवडलेल्या पंधराशेंपैकी एकालाही ते मिळाले नाही. टर्मनची चाचणी टाकाऊ होती असा याचा अर्थ नाही. त्याने निवडलेल्यांपैकी कित्येक जण नामवंत झाले. अर्थ एवढाच की, त्या काळच्या उत्तमोत्तम चाचणीच्या हातूनही अशी मुले सुटतात. ही दोघे वर आली, कारण कॅलिफोर्नियातल्या सुशिक्षित घरांनी त्यांना दुसरी, तिसरी संधी दिली. नवोदयच्या चाचणीला मात्र मुलाला जन्मात एकदाच बसता येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी ताप आला असेल, तर त्या तापाचा निकाल कायमचा ठरतो.

प्रतिभा शोधण्याची दुसरी रीत आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत करून पाहिली गेली आहे, आणि तिचा विसर पडावा याचे मला फार दुःख होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, प्रा. व. ग. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली, १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबई महापालिकेच्या शाळांत शिकणारी अनुसूचित जातींची काही मुले निवडली आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना नियमितपणे मार्गदर्शन केले. ती मुले मागासलेली म्हणून त्यांना सोप्याकडे वळवावे, असे त्या मंडळींनी मानले नाही; त्यांच्यात प्रज्ञा आहे असे धरून, ती कशाने अडली आहे ते त्यांनी शोधले. अडसर निघाला तो पुष्कळसा भाषेचा: पाठ्यपुस्तकातली संस्कृतप्रचुर वाक्ये मुलाच्या आणि कल्पनेच्या मध्ये उभी राहत होती. तो अडसर दूर केल्यावर त्या मुलांची शालान्त परीक्षेतली कामगिरी लक्षणीय सुधारली. संवर्धनाचा कार्यक्रम हा निवडीनंतर मिळणारा मान नसून निवडीचे साधनही असतो, हे त्या प्रयोगाने दाखवले, कारण मूल काय करू शकते ते त्याला करावयास काही दिल्यावरच कळते.

ज्यांना परदेशाचा पुरावा अधिक पटतो त्यांच्यासाठी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड जिल्ह्याचे उदाहरण आहे. तेथे प्रज्ञावंतांच्या वर्गासाठी मूल पालकांच्या किंवा शिक्षकांच्या शिफारशीवरून पाठवले जाई. २००५ मध्ये जिल्ह्याने शिफारशीवर विसंबणे सोडून दुसरीतल्या प्रत्येक मुलाची शब्दविरहित चाचणी शाळेतच घेतली. पात्रतेचे निकष होते तेच राहिले. बदलला तो फक्त उंबरठा. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, या एका फेरफारामुळे प्रज्ञावंतांच्या वर्गात जाणाऱ्या हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण १३० टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीय मुलांचे ८० टक्क्यांनी वाढले. ही मुले आदल्या वर्षीही तेवढीच बुद्धिमान होती. त्यांच्या पालकांना व शिक्षकांना त्यांच्यासाठी अर्ज करावा असे वाटले नव्हते, एवढेच. याच अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. त्या वर्गांत ज्या जागा रिकाम्या राहत त्या, चाचणीत अपात्र ठरलेल्या पण आपल्या शाळेत गुणांनी आघाडीवर असलेल्या मुलांना दिल्या जात; आणि या वर्गांचा मोठा लाभ झालेला दिसला तो याच मुलांना, त्यांतही विशेषेकरून कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना.

आपापल्या शाळेतल्या आघाडीच्या मुलांना संधी द्यावी, असे म्हटले की दर्जा घसरेल अशी भीती घातली जाते. परंतु मुलाला त्याच्या परिस्थितीतल्या मुलांशी ताडून पाहावे, हे तत्त्व आपण कधीच स्वीकारलेले आहे. नवोदयच्या जागा जिल्हावार आहेत. गडचिरोलीच्या मुलाची स्पर्धा ठाण्याच्या मुलाशी लावली जात नाही, आणि ग्रामीण मुलांचा वाटा राखीव आहे. जे तत्त्व जिल्ह्यापर्यंत न्याय्य ठरले ते केंद्रापर्यंत, किंबहुना द्विशिक्षकी शाळेपर्यंत, खाली नेले तर अन्याय्य कसे ठरते? पाड्यावरच्या शाळेत अठ्ठावीस मुलांत जे मूल स्पष्टपणे पुढे आहे, त्याला त्या शाळेत पुरेसे खाद्य मिळत नाही. त्याची गरज पुण्यातल्या हजारांतल्या पहिल्या मुलाइतकीच तीव्र आहे, कदाचित अधिक, कारण पुण्यातल्या मुलाभोवती ग्रंथालये आहेत, शिकवण्या आहेत आणि वर्गात त्याच्या तोडीची आणखी दहा मुले आहेत.

ज्यांना निवडच नको आहे, त्यांच्याशी माझा मतभेद याच जागी आहे. सर्व मुले सारखी, तेव्हा वेगळे काढणे हेच विषमतेचे मूळ, असे ते म्हणतात. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. पण चाळीस मिनिटांच्या तासातली तीस मिनिटे आपल्याला येणारीच गोष्ट ऐकत बसलेले मूल मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि त्याच्या डोळ्यांतला प्रकाश हळूहळू मंदावतानाही पाहिला आहे. श्रीमंताच्या मुलाला त्या कंटाळ्यातून बाहेर काढणारे कोणी तरी असते. गरिबाच्या मुलाला शाळेवाचून कोणी नाही. निवड बंद केली तर संवर्धन बंद होणार नाही. ते केवळ पैसे मोजणाऱ्यांपुरते उरेल. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञानप्रबोधिनी काढली ती बुद्धी ही समाजाची ठेव आहे या श्रद्धेने, आणि ती श्रद्धा मला खरी वाटते; परंतु ठेव समाजाची म्हणायची तर ती समाजाच्या सगळ्या घरांतून गोळा व्हावयास हवी.

राहता राहिली खर्चाची सबब. ब्रॉवर्डमध्ये पुढे मंदीच्या काळात पैसा नाही म्हणून ती सरसकट चाचणी बंद करण्यात आली, आणि वर्गांतली पूर्वीची विषमता परत आली. ही बचत कोणाच्या खात्यातून झाली ते सांगावयास नको. आपल्याकडे तर खर्चाचे कारण मला त्याहून लटके वाटते. शिक्षक शाळेत आहे, मुले पटावर आहेत, केंद्रप्रमुख महिन्याला फेरी मारतोच. तिसरीत, पाचवीत आणि सातवीत, शाळेच्याच वेळेत, कोणाच्याही अर्जावाचून, दोन तासिकांची एक चाचणी प्रत्येक मुलाची घ्यावी. तिच्यातले प्रश्नप्रकार दरसाल बदलावेत. एकदा मागे पडलेल्याला पुढच्या खेपेला पुन्हा पाहावे. शिक्षकाला आपल्या वर्गातल्या, गप्प बसणाऱ्यांसह, प्रत्येक मुलाविषयी चार ओळींचा शेरा लिहिण्याचे काम द्यावे. आणि निवडीच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या सर्वांना केंद्रशाळेतल्या शनिवारच्या संवर्धनवर्गात सहा महिने बसवून त्यांचे काम पाहून मग ठरवावे. ही चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी, कारण तेव्हा ऊसतोड कामगारांची मुले गावात असतात. ज्यांची निवड होईल त्यांपैकी जी मुले दिवाळीनंतर फडावर जातील, त्यांची जागा त्यांच्या नावावर राखून ठेवावी, आणि एप्रिलमध्ये ती परतली म्हणजे त्यांना त्याच वर्गात बसवून घ्यावे.